कॉलेज नवं, वॉर्ड जुना

प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, कॉलेज नवीन आहे. पहिलीच बॅच. घेऊ का?" विचारणाऱ्याच्या आवाजात डॉक्टर व्हायला मिळतंय याचा आनंद असतो आणि एक धास्तीही असते. ज्या कॉलेजातून अजून एकही डॉक्टर बाहेर पडलेला नाही, त्याच्या भरवशावर आयुष्यातली इतकी वर्षं लावायची का? मी शरीररचनाशास्त्र शिकवते. आधी एका खूप जुन्या कॉलेजात शिकवलं, नंतर एका नव्या कॉलेजच्या पहिल्या बॅचला शिकवायला गेले. दोन्हीकडचं आतून पाहिलेलं असल्यामुळे या प्रश्नाला "जा" किंवा "नको" असं एका शब्दात उत्तर द्यायला मन धजत नाही.

म्हणून मी उलट विचारते, "कॉलेज नवीन आहे, कळलं. हॉस्पिटल किती जुनं आहे?"

बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. इमारतीचे फोटो पाहिलेले असतात, वसतिगृहाची चौकशी झालेली असते, मागच्या वर्षीचा कटऑफच नाही म्हणून इतर कॉलेजांच्या कटऑफवरून अंदाज बांधलेला असतो. हॉस्पिटल मात्र कॉलेजबरोबर आपोआप येतंच, असं सगळे धरून चालतात. वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात उलटं दिसतं. जी कॉलेजं नवी असतानाच चांगली निघाली, त्यांतली कित्येक आधीपासून चालत असलेल्या हॉस्पिटलच्या पोटी जन्मली.

बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स घ्या. हॉस्पिटल उघडलं १८८९ मध्ये आणि वैद्यकीय विद्यालय १८९३ मध्ये. मधली वर्षं पैशाअभावी गेली. शेवटी मेरी एलिझाबेथ गॅरेट यांनी मोठी देणगी दिली, तीही अटी घालून : मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश द्यायचा आणि प्रवेशाची पात्रता तेव्हाच्या रिवाजापेक्षा कितीतरी कडक ठेवायची. त्या नव्याकोऱ्या विद्यालयाच्या पहिल्या विद्यार्थ्यांना चालतं हॉस्पिटल आयतं मिळालं. विल्यम ऑस्लर तिथे मेडिसिनचे प्राध्यापक होते. आपण विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवलं, एवढंच आपल्या थडग्यावर लिहिलेलं पुरे, असं ते म्हणत. वेल्लोरला आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये एका खाटेवर काम सुरू केलं, १९०२ मध्ये चाळीस खाटांचं हॉस्पिटल झालं आणि मुलींसाठी वैद्यकीय शाळा उघडली ती १९१८ मध्ये. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू केलं. तिथलं कस्तुरबा हॉस्पिटल चाळीसच्या दशकापासून चालत आलेलं होतं. या तिन्ही ठिकाणी विद्यार्थी आले तेव्हा रुग्ण आधीच रांगेत होते.

याला अपवाद आहे आणि तो आपल्या ओळखीचा आहे. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जमशेटजी जीजीभॉय हॉस्पिटल ही दोन्ही १८४५ मध्येच सुरू झाली. कॉलेजही नवं, हॉस्पिटलही नवं. तरी तिथल्या पहिल्या विद्यार्थ्यांमधून भाऊ दाजी लाड निघाले. १८५१ मध्ये पदवी घेतली, वैद्यकात नाव कमावलं, कुष्ठरोगावरच्या उपचारांचा ध्यास घेतला आणि प्राचीन शिलालेखांच्या अभ्यासातही मोठं काम केलं. तेव्हा सगळा भार हॉस्पिटलच्या वयावर टाकता येत नाही. त्या शहराला हॉस्पिटलची निकड होती, म्हणून खाटा भरल्या. वय ही एक सोयीची खूण झाली. खरी चौकशी तिथे रुग्ण आपल्या पायांनी येतात का, याची करायची.

रुग्णांचा एवढा आग्रह का? कारण वैद्यक हे बोटांनी, कानांनी आणि डोळ्यांनी शिकायचं शास्त्र आहे. वाढलेली प्लीहा, म्हणजे पानथरी, पुस्तकात एका आकृतीत संपते. हाताला ती लागू लागते कितीतरी पोटं चाचपून झाल्यावर, आणि त्यांतल्या बहुतेक पोटांत काहीच सापडलेलं नसतं. हृदयातला मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज, ओळखायचा तर मर्मर नसलेली असंख्य हृदयं ऐकून आधी कान तयार व्हावा लागतो. नव्या कॉलेजांना सिम्युलेशन लॅबचा फार अभिमान असतो आणि तो रास्तही आहे. शीर शोधणं, श्वासनलिकेत नळी घालणं, छाती दाबून हृदय चालू ठेवणं या गोष्टी आधी पुतळ्यावर शिकाव्यात, माणसावर पहिला प्रयत्न करू नये. पण पुतळा दहा वेळा विचारलं तरी तेच उत्तर देतो. माणूस लाजतो, विसरतो, सकाळच्या डॉक्टरांना एक सांगतो आणि दुपारच्यांना दुसरंच. कुठे दुखतंय विचारलं तर पोटावर हात फिरवतो आणि दुखणं निघतं छातीतलं. ही गुंतागुंत वॉर्डाबाहेर कुठेच शिकायला मिळत नाही.

१९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय विद्यालयांचा अहवाल लिहिला. ते स्वतः डॉक्टर नव्हते, शाळा चालवलेले शिक्षक होते. त्यांनी कित्येक ठिकाणी नावापुरत्या प्रयोगशाळा पाहिल्या आणि हॉस्पिटलशी धड संबंध नसलेली विद्यालयं पाहिली. अहवालानंतर त्यांतली बरीच बंद झाली किंवा दुसऱ्यांत विलीन झाली. शिक्षण सुधारलं, यात वाद नाही. पण कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या सात विद्यालयांपैकी पाच बंद पडली आणि हॉवर्ड व मेहरी ही दोनच उरली. त्याची झळ त्या समाजाला पुढे पिढ्यान्‌पिढ्या लागली. हे मी मुद्दाम सांगते, कारण नवं कॉलेज म्हणजे दर्जा खाली आणणारी भर, असा एक सूर आमच्या व्यवसायात फार सहज लागतो. जिथे डॉक्टर पोचत नाहीत तिथे कॉलेज निघणं ही चांगली गोष्ट आहे. तिथल्या रुग्णांना तज्ज्ञ मिळतात आणि तिथल्या मुलांना डॉक्टर होणं आपल्या आवाक्यातलं वाटू लागतं. मला नव्या कॉलेजांबद्दल आस्था आहे. ती आहे म्हणूनच त्यांच्याकडून अपेक्षाही आहेत.

तर कॉलेज पाहायला जायचं असेल तर कुठलाही समारंभ नसलेल्या, साध्या कामाच्या दिवशी जावं. तपासणीच्या दिवशी वॉर्ड कसे भरतात, हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. साध्या दिवशी सकाळी ओपीडीत तासभर नुसतं बसावं. केसपेपरच्या खिडकीपाशी गर्दी आहे का, लोक दुरून आलेत का, परत तपासायला आलेले किती, हे कान उघडे ठेवले की कळतं. परत येणारा रुग्ण ही हॉस्पिटलसाठी सगळ्यांत मोठी शिफारस. मग अंधार पडल्यावर कॅज्युअल्टीकडे एक चक्कर मारावी. रात्री अपघाताचा रुग्ण आला तर तो इथेच ठेवतात की पुढे पाठवतात? लेबर रूममध्ये रोज बाळंतपणं होतात का? रक्तपेढी आहे का? भूलतज्ज्ञ मुक्कामाला असतात की फोन केल्यावर येतात? अधिष्ठात्यांच्या केबिनमध्ये या प्रश्नांची उत्तरं सुंदर मिळतात. वॉर्डातल्या सिस्टरकडे खरी मिळतात. एक पालक मला म्हणाले, "अहो मॅडम, आम्हाला आत कोण सोडणार?" रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकाला ओपीडीच्या बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि बरंचसं त्या बाकावरून दिसतं.

रुग्ण आहेत असं दिसलं की दुसरा प्रश्न येतो : त्यांच्या खाटेपाशी विद्यार्थ्याबरोबर उभं कोण राहणार? इथे नव्या कॉलेजची गंमत आहे आणि धोकाही इथेच आहे.

जुन्या कॉलेजात वॉर्डात उतरंड असते. वर प्राध्यापक, मग सहयोगी, मग लेक्चरर, मग रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर, मग इंटर्न, म्हणजे अंतिम परीक्षा देऊन हॉस्पिटलात उमेदवारी करणारे, आणि सगळ्यांच्या मागे, राउंडच्या शेवटच्या ओळीत, टाचा उंचावून पाहणारे विद्यार्थी. पुढे काय चाललंय हे मागच्यांना अर्धं ऐकू येतं. पण या उतरंडीत शिकणं आपोआप झिरपतं. सरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर दुपारी रेसिडेंट समजावतो. रक्त कसं काढायचं ते इंटर्न दाखवतो. रात्री दोन वाजता वॉर्डात जाग असते, कुणीतरी केस लिहीत असतं, आणि उत्सुक विद्यार्थी तिथे जाऊन उभा राहिला तर पुस्तकात न सापडणारं बरंच काही शिकून येतो.

नव्या कॉलेजात पदव्युत्तर अभ्यासक्रम सहसा लगेच सुरू होत नाहीत, त्यामुळे उतरंडीचा मधला भागच गायब असतो. प्राध्यापक आणि विद्यार्थी समोरासमोर येतात. आमच्या पहिल्या बॅचच्या मुलांना सर्जरीच्या प्राध्यापकांनी स्वतः टाके घालायला शिकवलं, हात धरून, गाठ चुकली की सोडवून पुन्हा. जुन्या कॉलेजात इतक्या वरिष्ठ सर्जनच्या हाताखाली इतक्या लवकर टाका घालायला मिळणं दुर्मीळच. बाळंतपणाच्या वेळी शेजारी रेसिडेंटची फळी नाही म्हणून विद्यार्थ्यांना पुढे उभं राहायला मिळालं. त्यांच्या हातांना सवय लवकर झाली आणि मला त्यांचा हेवा वाटायचा.

पण त्याच मुलांना रात्री विचारायला कुणी नव्हतं. दिवसा प्राध्यापकांना विचारायचे प्रश्न वेगळे असतात आणि रात्री रेसिडेंटला विचारायचे वेगळे. "हे मला इतक्या उशिरानेसुद्धा कळत नाही," असं प्राध्यापकांना सांगायची छाती फार थोड्यांची होते. अडचण निव्वळ ज्ञानाचीही नव्हती. थकलेला, चहा पीत असलेला, तरीही रुग्णाच्या नातेवाइकाशी नीट बोलणारा सव्वीस वर्षांचा डॉक्टर त्यांच्यासमोर नव्हता. आपण सहा-सात वर्षांनी कसे असू, हे रोज पाहत राहण्यात जे शिक्षण आहे त्याला पर्याय मला अजून सापडलेला नाही. काही नवी कॉलेजं जवळच्या चालत्या हॉस्पिटलशी करार करून विद्यार्थ्यांना तिथल्या रेसिडेंटबरोबर पोस्टिंगला पाठवतात. असा करार असेल तर तो किती आठवड्यांचा आहे, प्रत्यक्ष सुरू झाला आहे की कागदावर आहे, हे प्रवेशाआधी विचारावं.

सीनियर नसण्याचा दुसरा परिणाम वसतिगृहात दिसतो. सीनियर म्हटलं की रॅगिंगच्या भीतीने पालकांच्या पोटात गोळा येतो आणि सीनियर नाहीत म्हटल्यावर त्यांना हायसं वाटतं. ते समजतंच. पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, कुठले सर कशावर अडून बसतात, कुठलं पुस्तक वाचायचं आणि कुठलं नुसतं कपाटात ठेवायचं, पहिल्या सहामाहीत नापास झालं तरी जग बुडत नाही, हे सांगणारंही कुणी राहत नाही. विशेषतः शेवटचं. पहिल्या वर्षाच्या मधल्या महिन्यांत वैद्यकाच्या विद्यार्थ्याला सगळं अंगावर आल्यासारखं होतं. बारावीपर्यंत कायम पहिला आलेला मुलगा प्रथमच काठावर पास होतो. जुन्या कॉलेजात शेजारच्या खोलीतला तिसऱ्या वर्षाचा कुणी पाठीवर थाप मारून म्हणतो, "अरे, माझंही असंच झालं होतं." नव्या कॉलेजात हे सांगायचं काम शिक्षकांचं होतं. ते ज्यांनी मनावर घेतलं नाही त्या कॉलेजात मुलं एकटी पडतात. म्हणून पहिल्या वर्षाला शिकवणारे लोक कोण आहेत, ते परिसरात राहतात का, मुलांना नावाने ओळखतात का, हे मला फर्निचरपेक्षा शंभरपट महत्त्वाचं वाटतं.

माझ्या विषयाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिसेक्शनसाठी, म्हणजे देहविच्छेदनासाठी, लागणारे देह कॉलेज सुरू करताना विकत आणता येत नाहीत. देहदान हा विश्वासाचा व्यवहार आहे. एखाद्या कुटुंबातल्या आजोबांनी देह दिला, कॉलेजने तो आदराने स्वीकारला, घरच्यांशी नीट वागलं, की त्या कुटुंबातला आणखी कुणी अर्ज भरतो, मग शेजारचं कुणी. असं रुजायला वर्षं लागतात. नव्या कॉलेजात सुरुवातीला एका टेबलाभोवती जास्त मुलं उभी राहतात आणि मागच्या मुलाच्या हातात स्कालपेल फारसं येत नाही. काहींनी यावर वेगळाच मार्ग काढला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात २००२ मध्ये पहिले विद्यार्थी घेतलेल्या पेनिन्सुला मेडिकल स्कूलने देहविच्छेदनाशिवायच शरीररचना शिकवायची असं ठरवलं. जिवंत माणसाच्या शरीरावरच्या खुणा, स्कॅन आणि प्रतिमा यांवर सगळा भर. डॉक्टर पुढे आयुष्यभर जिवंत शरीरच पाहणार, हा त्यांचा युक्तिवाद मला कळतो, पण पटत नाही. मज्जातंतू नेमका कुठून जातो ते चित्रात स्पष्ट दिसतं. देहात तो प्रत्येकाचा थोडा वेगळा जातो, आणि हे वेगळेपण हाताने शोधलेला विद्यार्थी पुढे जपून चालतो. शिवाय पहिल्या दिवशी त्या टेबलापाशी शांत उभं राहायला शिकणं, हा वैद्यकातला पहिला धडा आहे असं मी मानते.

पॅथॉलॉजीच्या संग्रहालयाचंही तेच. जुन्या कॉलेजात फॉर्मलिनच्या बरण्यांमध्ये पिढ्यांनी जमवलेले नमुने असतात. आता सहसा दिसत नाहीत अशा अवस्थेला पोचलेले आजार तिथे पाहायला मिळतात. नव्या कॉलेजात रिकामी काचेची कपाटं असतात. मात्र इथे उणीव पुष्कळ भरून निघते. पेशींच्या स्लाइड आता स्कॅन होऊन पडद्यावर येतात आणि एकाच चांगल्या स्लाइडवर सगळी बॅच एकदम शिकू शकते. जुन्या कॉलेजात कित्येकदा फिक्या पडलेल्या स्लाइडवरच काम भागवलं जातं.

नव्या कॉलेजची खरी ताकद मला अभ्यासक्रमात दिसली. जुन्या कॉलेजात वेळापत्रकातला एक तास हलवायचा तर तीन विभागांचा मान सांभाळावा लागतो. नव्या ठिकाणी अजून कुणाची जागा ठरलेली नसते. कॅनडातल्या मॅकमास्टरने १९६९ मध्ये आपली पहिली, अवघ्या वीस विद्यार्थ्यांची बॅच घेतली आणि वर्षानुवर्षांची पद्धत बाजूला ठेवली. व्याख्यानांची रांग लावण्याऐवजी लहान गटांसमोर रुग्णाची समस्या ठेवायची आणि त्यातून विद्यार्थ्यांनी शरीरक्रिया, औषधं, निदान हे सगळं स्वतः शोधत जायचं. १९७४ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टने तोच रस्ता धरला, पुढे ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलने. आज समस्येतून शिकण्याची ही पद्धत जगभरच्या जुन्या कॉलेजांनीही थोडीफार उचलली आहे. ती रुजली आधी नव्या जमिनीत.

पण मॅकमास्टरच्या मागे काय करायचंय हे पक्कं ठाऊक असलेली माणसं होती. सगळीकडे तसं नसतं. काही ठिकाणी नवेपणाच्या नावाखाली दर सत्राला वेळापत्रक बदलतं, परीक्षेचं स्वरूप परीक्षेच्या तोंडावर ठरतं, आणि पहिल्या बॅचला कळतं की आपल्यावर प्रयोग चालू आहे. प्रयोगाला माझी हरकत नाही. रुग्णावर प्रयोग करताना आपण त्याची संमती घेतो, त्याला धोका समजावून सांगतो. विद्यार्थ्यांनाही तेवढंच सांगायला हवं. आम्ही दर महिन्याला मुलांना बसवून विचारायचो की काय चाललं, काय नाही, आणि पुढच्या महिन्यात त्यातलं किमान काहीतरी बदलायचो. मुलं तक्रारी करायची, भांडायची, पण उपरी वाटत नव्हती. कॉलेज त्यांचं होतं.

काही नवी विद्यालयं पहिल्या तुकड्यांची फी माफ करतात. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाने २००९ मध्ये आपल्या पहिल्या संपूर्ण बॅचला शिष्यवृत्ती दिली. कॅलिफोर्नियातल्या कायझर परमनेंटेच्या वैद्यकीय विद्यालयाने २०२० पासूनच्या पहिल्या पाच तुकड्यांना शिकवणी शुल्क माफ केलं. मला हा प्रामाणिक सौदा वाटतो. तुम्ही आमच्यावर विश्वास टाकताय, जोखीम उचलताय, त्याची भरपाई आम्ही करतो, असं संस्था उघडपणे मान्य करते. याउलट पहिल्या बॅचकडूनच सगळ्यांत जास्त पैसे घेऊन इमारतीचा पुढचा मजला बांधणारी संस्था असेल, तर तिथे मुलांना कुठल्या जागी धरलंय ते फीच्या पावतीवरच दिसतं.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण तो टाळू नये. जवळपास कुठेच नव्या कॉलेजला पूर्ण मान्यता एकदम मिळत नाही. अमेरिकेत आधी प्राथमिक, मग तात्पुरती आणि शेवटी पूर्ण मान्यता अशा पायऱ्या आहेत. पूर्ण मान्यतेचा निर्णय पहिली बॅच शेवटाकडे आली की होतो. भारतात आधी प्रवेश देण्याची परवानगी मिळते, ती नूतनीकरणाने पुढे चालते आणि पदवीच्या मान्यतेचा प्रश्न पहिली बॅच अंतिम परीक्षेपर्यंत पोचते तेव्हा येतो. ब्रिटनमधली एक अट मला फार आवडते. नव्या विद्यालयाला एक जुनं विद्यालय पाठीशी उभं करावं लागतं, आणि नवं चाललं नाही तर विद्यार्थ्यांना त्या जुन्याने सामावून घ्यायचं हे आधीच ठरलेलं असतं. विद्यार्थ्याचा विचार करून केलेला असा नियम सगळीकडे हवा. तो जिथे नाही तिथे पालकांनी हा प्रश्न स्वतः विचारावा : परवानगी थांबली तर माझ्या मुलीचं काय होईल? परदेशात पुढे शिकायचं मनात असेल तर कॉलेजचं नाव वैद्यकीय विद्यालयांच्या जागतिक निर्देशिकेत आलं आहे का, तेही पाहून ठेवावं.

आणि जुनं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. फिलाडेल्फियाचं हॅनिमन हॉस्पिटल शंभर वर्षांहून जुनं होतं. २०१९ मध्ये ते काही आठवड्यांत बंद पडलं आणि साडेपाचशेहून जास्त शिकाऊ डॉक्टरांना दुसरी जागा शोधत फिरावं लागलं. तिथे शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनाही दुसरी हॉस्पिटलं पाहावी लागली. हॉस्पिटलचा मालक कोण आहे आणि त्याला ते कशासाठी हवं आहे, हे जुन्या-नव्या दोन्ही ठिकाणी विचारण्यासारखं आहे.

नावाचं काय, हा प्रश्न मुलांपेक्षा नातेवाईक जास्त विचारतात. रुग्ण डॉक्टरांचं कॉलेज क्वचितच विचारतो. पदव्युत्तर प्रवेश जिथे एका सामाईक परीक्षेवर होतो तिथे कॉलेजच्या नावाचं वजन कमीच. जिथे शिफारसपत्रं, मुलाखती आणि ओळखी मोजल्या जातात तिथे पहिल्या बॅचला जड जातं, कारण पत्रावर सही करणाऱ्याला कुणी ओळखत नाही आणि दार किलकिलं करून द्यायला माजी विद्यार्थी नसतात. त्यामुळे अशा व्यवस्थेत नव्या कॉलेजातले शिक्षक आधी कुठे काम करून आलेत, याला मोल येतं. त्यांच्या जुन्या ओळखी हेच काही वर्षं कॉलेजचं भांडवल असतं.

नवं कॉलेज कुणाला मानवतं, हे माझ्या मनात आता स्पष्ट आहे. समोर बसलेली मुलगी न सांगता वाचणारी असेल, अडलं की दार ठोठावणारी असेल, ग्रंथालय सातला बंद होतं म्हटल्यावर दहापर्यंत उघडं ठेवायचा अर्ज लिहिणारी असेल, आणि हॉस्पिटलच्या ओपीडीत गर्दी असेल, तर मी तिला बेधडक जा म्हणते. अशी मुलं नव्या कॉलेजात फुलतात. ज्याला आखलेला रस्ता मिळाला की उत्तम चालता येतं, अशा मुलाला मी जुन्याकडे पाठवते. त्यात कमीपणा काहीच नाही. कितीतरी उत्कृष्ट डॉक्टर असे घडलेले मी पाहिले आहेत. आणि वॉर्ड रिकामे असतील तर दोघांनाही नको म्हणते, मग इमारत कितीही देखणी असो आणि एक वर्ष वाया जाण्याची भीती कितीही मोठी असो.

पहिल्या बॅचबद्दल सगळे विचारतात. तिसऱ्या-चौथ्या बॅचबद्दल कुणी विचारत नाही, आणि मला काळजी जास्त त्यांची वाटते. पहिल्या बॅचकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तिच्यावर मान्यता अवलंबून असते, शिक्षकांचा उत्साह ताजा असतो, प्रत्येक मूल माहीत असतं. तिसऱ्या बॅचपर्यंत पहिल्या फळीतले काही शिक्षक सोडून गेलेले असतात, जागा वाढवायच्या हालचाली सुरू झालेल्या असतात, त्याच हॉस्पिटलात आता तिप्पट विद्यार्थी फिरत असतात, आणि रेसिडेंट अजून आलेलेच नसतात. सीनियर आहेत, पण तेही अजून चाचपडत आहेत. म्हणून कॉलेज तीन-चार वर्षं जुनं झालंय, आता स्थिरावलं असेल, असं म्हणत कुणी आलं तर मी सांगते, आधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. त्यांना पहिल्या वर्षी शिकवणारे शिक्षक आज तिथे आहेत का, आणि मागच्या आठवड्यात त्यांनी स्वतः किती रुग्ण तपासले, एवढं विचारा.